गोल्फचा फटका : बळाचा उगम आणि योग्य आयर्नची निवड

गोल्फ हा धनिकांच्या करमणुकीचा खेळ आहे, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ती अगदीच निराधार नाही. परंतु पूर्ण सत्यही नाही. भारतात या खेळाची परंपरा जुनी आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ साली स्थापन झाला आणि ब्रिटिश बेटांबाहेरील तो सर्वांत जुना गोल्फ क्लब मानला जातो. पुढे लष्करी छावण्या आणि संस्थानी राजधान्या यांच्या आश्रयाने हा खेळ देशभर पसरला. वडोदऱ्यास लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात आणि हैदराबादेस गोवळकोंड्याच्या नया किला परिसरात गोल्फची मैदाने आहेत. १९८२ च्या नवी दिल्ली येथील आशियाई क्रीडा स्पर्धांत गोल्फचा प्रथमच समावेश झाला. त्या वेळी लक्ष्मण सिंग यांनी वैयक्तिक आणि भारतीय संघाने सांघिक सुवर्णपदक मिळविले. १९०४ नंतर ऑलिंपिकमधून बाहेर पडलेला हा खेळ २०१६ साली रिओ येथे परत आला आणि २०२३ साली गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांतही त्याला स्थान मिळाले.

या खेळाची दुसरी बाजू फारशी लोकांसमोर येत नाही. मैदानाची निगा राखणारे माळी आणि खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारे कॅडी हे बहुधा आसपासच्या वस्त्यांतील व खेड्यांतील असतात. त्यांची मुले पाहता पाहता खेळ शिकतात. दिल्लीच्या मैदानावर कॅडी म्हणून सुरुवात करणारे अली शेर यांनी १९९१ आणि १९९३ साली इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकली. रॉयल कलकत्ताच्या मैदानाची निगा राखणाऱ्या कामगाराचे पुत्र एस.एस.पी. चौरासिया यांनी २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे तीच स्पर्धा जिंकून दाखविली. सारांश, गुणवत्ता कोठेही उगवू शकते. तिला योग्य मार्गदर्शन मिळते की नाही, हा खरा प्रश्न आहे.

अशा होतकरू मुलामुलींच्या मार्गात दोन गैरसमज प्रामुख्याने आड येतात. चेंडू दूर जाण्यासाठी दंडात ताकद हवी, हा पहिला. आणि काठी जितकी महाग तितकी चांगली, हा दुसरा. पहिल्या गैरसमजापायी कंबर, कोपर आणि मनगट दुखावते. दुसऱ्यापायी कुटुंबाचा पैसा वाया जातो. म्हणून या दोन्ही बाबींमागील तत्त्व समजून घेणे अगत्याचे आहे.

बळ की वेग?

गोल्फच्या चेंडूचे वजन नियमानुसार ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही. त्याला मारणारे सातव्या क्रमांकाच्या आयर्नचे पाते सुमारे २७० ग्रॅमचे असते. पाते आणि चेंडू एकमेकांना भिडतात तो काळ सेकंदाच्या सुमारे दोन-हजारांश भागाइतका अल्प असतो. एवढ्या अवधीत चेंडूला 'ढकलणे' कोणत्याही पहिलवानास शक्य नाही. चेंडूला काय मिळायचे ते पाते त्याच्यापाशी पोहोचते त्या क्षणीच्या वेगावर ठरून गेलेले असते.

येथे साधे गणित उपयोगी पडते. पात्याचा वेग तोच ठेवून वजन दुप्पट केले, तर चेंडूचा वेग जेमतेम आठ टक्क्यांच्या आसपास वाढतो. उलट वजन तेच ठेवून पात्याचा वेग दुप्पट करता आला, तर चेंडूचा वेगही दुप्पट होतो. म्हणजेच जड काठी जोर लावून फिरविण्यापेक्षा झेपेल अशी काठी वेगाने फिरविणे केव्हाही श्रेयस्कर. जगातील अव्वल व्यावसायिक पुरुष खेळाडू सातव्या आयर्नचे पाते ताशी सुमारे १४५ किलोमीटर वेगाने फिरवितात आणि त्यांचा चेंडू हवेतून सुमारे १७० यार्ड जातो. त्याच श्रेणीच्या महिला खेळाडूंच्या बाबतीत हे आकडे सुमारे १२२ किलोमीटर आणि १४० यार्ड असे आहेत. (एक यार्ड म्हणजे सुमारे ९१ सेंटिमीटर.) या महिला खेळाडूंपैकी अनेकींची शरीरयष्टी अगदी साधारण असते, तरीही त्यांच्याहून कितीतरी दणकट असलेल्या हौशी पुरुषांना हे अंतर गाठता येत नाही. यावरून वेग केवळ स्नायूंच्या आकारावर अवलंबून नाही, हे उघड होते.

गोफणीचा धडा

मग हा वेग येतो कोठून? ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभे राहून गोफण फिरविणाऱ्या राखणदाराला याचे उत्तर न शिकता ठाऊक असते. गोफणीत हात पुढे असतो आणि धोंडा मागे रेंगाळत येतो. शेवटच्या क्षणी हात मंदावतो, तोवर साठलेली गती दोरीतून धोंड्यात उतरते आणि धोंडा सणाणत सुटतो. हात आणि धोंडा बरोबरीने पुढे नेण्याचा प्रयत्न केला, तर धोंडा पायाशी पडेल.

गोल्फमध्ये काठी मागे नेऊन पुढे आणण्याच्या संपूर्ण क्रियेस 'स्विंग' म्हणतात. तिच्यामागेही हेच तत्त्व आहे. अ‍ॅलिस्टर कॉक्रन आणि जॉन स्टॉब्स यांनी ब्रिटनमधील शास्त्रीय संशोधनाच्या आधारे १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात स्विंगची तुलना दुहेरी लंबकाशी केली होती. खांद्यापासून मनगटापर्यंतचे हात हा पहिला लंबक आणि मनगटापासून पुढची काठी हा दुसरा. पहिला लंबक आधी निघतो; दुसरा त्याच्यामागून येऊन अखेरीस त्याला गाठतो.

पुढील काळात जलद छायाचित्रण आणि संवेदक यांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासातून शरीराचा क्रमही स्पष्ट झाला आहे. काठी खाली येऊ लागताना प्रथम पाय जमिनीला रेटा देतात व कंबर वळते. तिच्यामागून छाती व खांदे, त्यांच्यामागून हात आणि सर्वांत शेवटी काठी. प्रत्येक अवयव आपल्या कमाल वेगास पोहोचून मंदावतो आणि आपली गती पुढच्याच्या हवाली करतो. नवखा खेळाडू नेमका याच्या उलट वागतो. तो वरूनच हातांनी जोर लावतो, मनगटे आधीच मोकळी होतात आणि पाते चेंडूपाशी येईतो वेग ओसरलेला असतो. कष्ट दुप्पट आणि फळ निम्मे, अशी त्याची अवस्था होते.

उजव्या हाताने खेळणाऱ्याने पुढील बाबी ध्यानात ठेवाव्यात. डावखुऱ्यांसाठी दिशा उलट समजावी.

(१) काठीची मूठ घट्ट आवळू नये. आवळलेल्या मुठीमुळे मनगट आखडते व गोफणीची दोरीच जणू ताठ होते.

(२) काठी मागे नेताना केवळ हात उचलू नयेत. पाठ लक्ष्याकडे वळेल इतके खांदे फिरवावेत. शरीराचा भार उजव्या पायावर येऊ द्यावा.

(३) खाली येताना भार आधी डाव्या पायाकडे न्यावा. हातांनी घाई करू नये.

(४) आयर्नने मारताना पाते खालच्या दिशेने येत प्रथम चेंडूला व त्यानंतर जमिनीला लागावे. हिरवळीचा तुकडा निघालाच, तर तो चेंडूच्या जागेच्या पुढून निघावा. तो मागून निघत असेल, तर भार अजून उजव्या पायावरच अडकला आहे, असे समजावे.

(५) फटका संपल्यावर डाव्या पायावर तोल सावरून उभे राहता आले पाहिजे. ज्या वेगात तोल जातो, तो वेग आपला नव्हे.

मैदानाविना सराव

या सरावासाठी प्रत्येक वेळी मैदान किंवा चेंडू लागतोच असे नाही. शाळेच्या पटांगणावर किंवा अंगणातही तो करता येतो. काठी उलटी, म्हणजे पात्याजवळ धरून फिरवावी. हवेत 'सूं' असा आवाज होतो. हा आवाज चेंडूची जागा ओलांडल्यावर सर्वांत मोठा यावयास हवा. तो खांद्यापाशीच आला, तर गती आधीच खर्ची पडली, हे कानालाच कळते. दुसरा व्यायाम म्हणजे दोन्ही पाय जुळवून सावकाश स्विंग करणे. यात हातांनी ओढाताण केली की तोल लगेच जातो, त्यामुळे चूक स्वतःच उघडी पडते.

शरीराच्या तयारीसाठी बैठका, सूर्यनमस्कार आणि दोरीवरच्या उड्या हे आपल्या परिचयाचे व्यायाम उपयुक्त आहेत. मांड्या, कंबर आणि पोट यांची बळकटी व खांद्यांची लवचिकता ही गोल्फमध्ये दंडाच्या बेटकुळीपेक्षा अधिक मोलाची आहे. अंग गरम न करता पूर्ण वेगाने काठी फिरविणे टाळावे. कंबरेत किंवा कोपरात दुखू लागल्यास सराव थांबवून वैद्यकीय सल्ला घ्यावा. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत तर याकडे मुळीच दुर्लक्ष होऊ नये.

आयर्न म्हणजे काय?

खेळाडूला सामन्यात जास्तीत जास्त चौदा काठ्या बाळगता येतात. त्यांपैकी धातूचे पसरट पाते असलेल्या काठ्यांना 'आयर्न' म्हणतात. त्यांच्यावर क्रमांक असतात. क्रमांक जसजसा वाढतो, तसतसे पाते अधिक मागे झुकलेले आणि दांडा आखूड होत जातो. पात्याच्या या झुकावास 'लॉफ्ट' म्हणतात. लॉफ्ट कमी असेल, तर चेंडू खालून व लांब जातो. जास्त असेल, तर उंच उडून जवळ पडतो आणि कमी घरंगळतो. एका आयर्नपासून पुढच्या आयर्नपर्यंत लॉफ्टमध्ये सुमारे चार अंशांचा आणि लांबीत सुमारे अर्ध्या इंचाचा फरक असतो. पाचव्या क्रमांकाचे आयर्न लांबच्या फटक्यासाठी, सातवे मधल्या अंतरासाठी व नववे जवळच्या अंतरासाठी, अशी साधारण विभागणी आहे.

मात्र क्रमांकावर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. लॉफ्ट किती असावा, याचे सक्तीचे प्रमाण नाही. १९७० च्या दशकात सातव्या आयर्नचा लॉफ्ट साधारण ३६ ते ३८ अंश असे. आज पुष्कळ संचांत तो ३० अंश किंवा त्याहूनही कमी असतो. म्हणजे आजचे सातवे आयर्न हे पूर्वीच्या पाचव्या आयर्नच्या जवळ आले आहे. जुने आयर्न वापरणाऱ्या कॅडी मुलाचा चेंडू शेजारच्या नव्या आयर्नच्या मानाने वीस यार्ड मागे पडला, तर दोष त्याच्या अंगात नसून पात्यावर कोरलेल्या आकड्यात असू शकतो. हे न उमगल्यामुळे तो अधिक जोर लावू लागतो आणि चांगला जुळून आलेला स्विंग बिघडवून बसतो. शिक्षकांनी व मार्गदर्शकांनी ही गोष्ट मुलांना आवर्जून समजावून सांगावी.

पात्याची घडण

आयर्नची पाती मुख्यतः दोन प्रकारची असतात. एक, पाठीमागून सपाट व भरीव. दुसरे, पाठीमागून खोलगट, ज्यात धातूचे वजन मध्यातून काढून कडांकडे नेलेले असते. या दुसऱ्या पद्धतीच्या प्रसाराचे मोठे श्रेय कार्स्टन सोल्हाइम या नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकी अभियंत्यास जाते. त्यांनी १९५९ मध्ये 'पिंग' हा उद्योग सुरू केला व वजन कडांकडे वाटण्याचे तत्त्व प्रथम पटर या काठीत आणि पुढे आयर्नमध्ये आणले.

या तत्त्वाचा अर्थ डोंबाऱ्याच्या खेळातून चटकन समजतो. दोरीवर चालणारा डोंबारी हातात लांब आडवा बांबू धरतो. वजन दोन्ही टोकांकडे दूर गेल्यामुळे बांबू सहजी गरकन फिरत नाही आणि तोल सावरतो. तसेच कडांकडे वजन असलेले पाते, चेंडू मध्यभागी न लागता बाजूला लागला, तरी हातात कमी वळते. चेंडूचे अंतर व दिशा यांचे नुकसान कमी होते. नवख्याचा फटका पुष्कळदा मध्य चुकतोच. म्हणून त्याने खोलगट पाठीचे पाते घ्यावे, हे सर्वमान्य आहे. भरीव पात्याने फटक्याची अचूक जाण हाताला मिळते व चेंडू हवा तसा वळविता येतो. परंतु तो लाभ कसलेल्या हातांनाच होतो.

दांडा, लांबी आणि मूठ

काठीचा दांडा पूर्वी हिकरी या लाकडाचा असे. पोलादी दांड्यास ब्रिटनमध्ये १९२९ साली मान्यता मिळाली. आज आयर्नसाठी पोलाद व ग्रॅफाइट हे दोन्ही दांडे प्रचलित आहेत. पोलादी दांडा सर्वसाधारणपणे ९५ ते १३० ग्रॅम, तर ग्रॅफाइटचा बहुधा ५० ते ८० ग्रॅम वजनाचा असतो. ज्यांचा स्विंग संथ आहे अशा मुली, कुमार व ज्येष्ठ खेळाडू यांना हलका आणि लवचिक दांडा सोयीचा पडतो. वेगवान स्विंग असणाऱ्यास ताठ दांडा मानवतो. ताठ दांड्याने बळ वाढते, ही कल्पना चुकीची आहे. न झेपणाऱ्या ताठ दांड्यामुळे फटक्याचा हिसका हाताला बसतो आणि चेंडू खुजा राहतो. दांड्यावरील ताठपणाची अक्षरे सर्व कारखान्यांत एकाच मापाची नसतात, म्हणून प्रत्यक्ष मारून पाहणे हीच खरी कसोटी.

लांबीची निवड केवळ उंचीवरून करू नये. उंच माणसाचे हातही लांब असतील, तर त्याला नेहमीचीच लांबी पुरते. सपाट जमिनीवर बूट घालून ताठ उभे राहावे, हात मोकळे सोडावेत आणि मनगटावरील घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. प्रौढाच्या बाबतीत हे माप साधारण ३४ ते ३५ इंच असेल, तर बाजारातील नेहमीच्या लांबीची काठी चालते.

काठी जमिनीवर टेकविली असता दांडा व जमीन यांच्यात जो कोन होतो, त्यास 'लाय' म्हणतात. तो तपासण्याची पद्धत सोपी आहे. पात्याच्या तळाला चिकटपट्टी लावून लाकडी फळीवर ठेवलेला चेंडू हलकेच मारावा. ओरखडा तळाच्या मध्यावर आला, तर कोन योग्य. तो टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला आला, तर पात्याचे टोक वर उचलले जात आहे व चेंडू डावीकडे जाण्याचा संभव आहे. टोकाकडे आला, तर उजवीकडे. पात्याच्या पृष्ठभागावर टाल्कम पावडरचा पातळ थर दिला, तर चेंडू नेमका कोठे लागला हेही त्यावर उमटते. या दोन तपासण्यांस खर्च जवळजवळ नाही.

मूठ धरली असता डाव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तळव्याला अलगद टेकावीत. ती तळव्यात रुतत असतील, तर मूठ बारीक आहे. पोहोचतच नसतील, तर जाड आहे. रबरी मूठ स्वतंत्रपणे बदलता येते, त्यामुळे केवळ मूठ झिजली म्हणून चांगली काठी टाकून देऊ नये.

वापरलेल्या काठ्या घेताना

नवा संच सर्वांनाच परवडणारा नाही आणि नवख्याला त्याची गरजही नाही. पाचवे, सातवे आणि नववे आयर्न, एक वेज, लांब फटक्यासाठी एक वुड आणि ग्रीनवर चेंडू होलमध्ये लोटण्यासाठी पटर, एवढ्या सहा काठ्यांवर पहिली दोन वर्षे उत्तम शिक्षण होऊ शकते. वापरलेली काठी घेताना दांडा डोळ्यांसमोर धरून सरळ आहे ना, त्यावर गंजाचे खड्डे किंवा चीर नाही ना, पाते सैल होऊन खडखडत नाही ना आणि पात्यावरील खाचा पार झिजल्या नाहीत ना, हे पाहावे. खाचा झिजल्या की गवतातून मारलेल्या चेंडूला पुरेशी फिरकी मिळत नाही.

प्रौढांची काठी कापून मुलांना देण्याचा प्रघात पुष्कळ ठिकाणी आहे. हेतू चांगला असला, तरी परिणाम चांगला होत नाही. कापलेला दांडा अधिक ताठ होतो आणि पाते तेवढेच जड राहते. ते पेलण्यासाठी मूल पाठ मागे वाकविते व ती खोड पुढे सुटत नाही. मुलांसाठी हलक्या पात्याची काठीच मिळवावी. शाळेने किंवा क्रीडामंडळाने वेगवेगळ्या लांबीच्या अशा थोड्या काठ्या सामायिक ठेवल्या, तर मूल वाढेल तसतशी काठी बदलता येते व कोणत्याही एका पालकावर भार पडत नाही.

लांब फटका हेच सर्वस्व नव्हे

येथवरचे सर्व विवेचन फटक्याच्या बळाविषयी झाले. परंतु गोल्फमध्ये विजय मिळतो तो सर्वांत कमी फटक्यांत खेळ पुरा करणाऱ्यास. सर्वांत लांब मारणाऱ्यास नव्हे. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, भारताच्या अदिती अशोक यांचे लांब फटके स्पर्धेतील सर्वांत आखूड फटक्यांपैकी होते. तरीही जवळचा खेळ आणि पटर यांच्या बळावर त्यांनी चौथा क्रमांक मिळविला. रौप्य व कांस्य पदके मिळविणाऱ्या खेळाडूंपेक्षा त्यांचा केवळ एक फटका अधिक झाला. एस.एस.पी. चौरासिया यांचीही ख्याती लांब फटक्यापेक्षा ग्रीनजवळच्या कौशल्याबद्दलच आहे.

यास्तव क्रीडाशिक्षकांनी व क्रीडाधिकाऱ्यांनी मुलांची निवड करताना 'किती लांब मारतो' एवढेच पाहू नये. फटक्यानंतर तोल राहतो का, चेंडू वारंवार पात्याच्या मध्यावर लागतो का आणि हातातील काठी त्याच्या मापाची आहे का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर पहिल्या दोहोंवरून त्या मुलाची पारख करणे अन्यायाचे ठरेल. मोजपट्टी, चिकटपट्टी आणि थोडी पावडर एवढ्या साहित्यावर ही तपासणी कोणत्याही पटांगणात होऊ शकते. ती वेळीच झाली, तर पिशवी वाहणाऱ्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला आपल्या अंगच्या गुणांचे खरे माप कळेल.